कोरम मोडायचा चहा

माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, निमोण्याच्या ग्रामपंचायतीत दोन पंचवार्षिक सदस्य होते. कामं किती केली ते गाव सांगेल, पण कोरम मोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ग्रामसभेत नको तो ठराव यायला लागला की आप्पा उठायचे, मोठा आळस द्यायचे आणि म्हणायचे, "चला रे, चहा घेऊ." पंधरा-वीस माणसं त्यांच्यामागं हॉटेलात. इकडं ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसलेला. माणसं मोजायची, ती कमी भरायची, सभा तहकूब. भांडण नाही, आरडाओरडा नाही. घरी येऊन हे ते इतकं रंगवून सांगायचे की आई पदर तोंडाला लावून हसायची.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते कोरम या एका शब्दापासून झालं.

मी मायक्रोबायोलॉजी शिकले. सध्या शिक्रापूरजवळ एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, तिथंच खोली घेऊन राहते आणि गुरुवारच्या सुट्टीला घरी येते. एम.एस्सी.ला माझं प्रोजेक्ट भाज्यांमधल्या द्रव्यांवर होतं. कोबी आणि लसूण मी आमच्याच रानातला नेला होता. काम तसं साधं. प्लेटवर एक जंतू वाढवायचा. हा जंतू थोडा असतो तोवर पांढरट दिसतो, दाटी झाली की जांभळा होतो. त्यातला प्रत्येक जण एक रसायन बाहेर सोडत असतो. ते पुरेसं साठलं की सगळ्यांना कळतं, आपण आता पुष्कळ झालो, आणि मग सगळे मिळून कामाला लागतात. मी प्लेटच्या मधोमध लसणाचा रस ठेवला. दुसऱ्या दिवशी प्लेट गर्द जांभळी आणि रसाभोवती गोल पांढरा पट्टा.

फोटो आप्पांना दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला.

"इथले मेले म्हण की."

"नाही आप्पा, जिवंत आहेत. नुसते गप्प आहेत. लसूण त्यांचा निरोप एकमेकांना पोचू देत नाही. कोबीत पण असं काहीतरी असतं."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी कोरम मोडला की गं!"

मी उडालेच. कारण आमच्या शास्त्रातही त्याला कोरमच म्हणतात, अगदी तोच शब्द. हे सांगितल्यावर आप्पांना जो काही आनंद झाला, विचारू नका. चार दिवसांत गावभर झालं. पोरीनं शोध लावला, लसूण जंतूंना चहाला घेऊन जातो. शोध माझा नव्हता, जगात कुणाकुणाचा होता. पण मी कुणाला तसं सांगितलं नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी.

आप्पांना शुगर आहे, बरीच वर्षं. गेल्या साली कोबीच्या रानात चपलेत खडा गेला आणि दिवसभर तो पायाखाली घेऊनच ते हिंडले. कळलंच नाही. पाय त्यांचे कधीच बधिर झाले होते. अंगठ्याखाली जखम झाली. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, एक दिवसाआड ड्रेसिंगला या, हयगय केलीत तर पाय जाईल. इतकं स्पष्ट सांगितलं होतं.

महिना झाला तरी जखम भरेना. आप्पा वैतागले. मी गुरुवारी आले तेव्हा म्हणाले, "एवढं औषध घालत्यात, जातं कुठं?"

आणि मी, शहाणी, सांगायला बसले. "जखमेतले जंतू पण कोरम भरायची वाट बघतात आप्पा. भरला की सगळे मिळून चिकट थर धरतात. मग औषध आत शिरत नाही." बोलताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. आप्पा माझ्याकडं असे बघत होते, जशी मीच त्यांची सरपंच.

त्यानंतर सोमवारी की मंगळवारी त्यांचा फोन आला. मी शिफ्टवर होते. मागं मशीन चालू, हातात सॅम्पल.

"ते लसणाचं गं. ताजा घ्यायचा का वाळलेला?"

"ताजा. आणि कुटल्यावर लगेच वापरायचा, ठेवून उपयोग नाही. ठेवू का आता?"

ठेवला. पारावर कुणाला तरी ऐकवत असतील, असं वाटलं मला. कशाला हवंय आप्पा, एवढे तीन शब्द मी विचारले नाहीत. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की शेजारच्या आळीला ऐकू जातो, कंपनीत सुपरवायझर मला टरकून असतात. आणि त्या दिवशी तीन शब्द निघाले नाहीत.

पुढच्या गुरुवारी कामामुळं येता आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी दारात पाऊल टाकलं आणि वास आला. फोडणीचा नाही, कच्च्या लसणाचा, आणि त्याखाली दुसराच एक. आप्पा ओट्यावर पाय पसरून बसले होते. ड्रेसिंगला गेलेच नव्हते. कोबी काढायला आला होता, गाडी भरायची होती, आणि शिवाय घरात शास्त्र होतं. आईला सांगितलं होतं, डॉक्टरांनीच आता घरी पट्टी बांधायला सांगितलीय.

"आग अजिबात होत न्हाई बघ," ते खुशीत म्हणाले. "लागू पडलंय."

मी पट्टी सोडली. कच्च्या लसणानं चांगल्या माणसाची कातडीसुद्धा भाजते, लगेच ओरडून तो काढून टाकेल. आप्पांना ओरडायला काही कळत नव्हतं. तळवा भाजून पांढराफटक झाला होता आणि अंगठा काळा.

"अहो, काय केलंत हे!" एवढंच मी ओरडले. त्यानंतर आजपर्यंत मी कुणावरही ओरडलेले नाही.

शिरूरहून पुण्याला पाठवलं. तिथले डॉक्टर तरुण होते, चिडलेले होते. "लसूण लावायला सांगितलं कुणी?"

मी तोंड उघडलं. आप्पा माझ्या आधी बोलले. "गावात बोलत्यात लोकं. लावला आपला."

"आणि घरात शिकलेली मुलगी असताना?"

आई माझ्या शेजारीच उभी होती. कागद पुढं आला, त्यावर मी सही केली. सही अगदी नीट आली, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. गुडघ्याखालून पाय काढला. मी रडले नाही. लोक म्हणाले पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, मला काहीच होत नव्हतं. कँटीनच्या चहाची चव लागत नव्हती, त्याचंसुद्धा वाईट वाटत नव्हतं.

चौथ्या दिवशी आई खाली औषधं आणायला गेली होती, तेव्हा मी आप्पांना म्हटलं, "माझ्या सांगण्यानं झालं हे."

ते छताकडं बघत होते. तसंच बघत म्हणाले, "तू खोटं न्हाई बोललीस. कोरम मोडतोच. पण तहकूब सभा आठ-पंधरा दिवसांनी परत भरती आन् तिला कोरम लागत न्हाई. असतील तेवढ्या माणसात सगळं मंजूर करत्यात. तवा आम्ही हॉटेलातच बसलेलो असायचो." मग माझ्याकडं मान वळवून, "ही अर्धी गोष्ट मी तुला कवा सांगितलीच न्हवती. माझीच चूक."

मला सांगायचं होतं, आप्पा, प्लेट वेगळी आणि पाय वेगळा. प्लेटवर एक जंतू असतो आणि पायात माणूस असतो. हे माझ्या प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर मीच लिहिलं होतं, जखमेवर वापरण्याआधी पुष्कळ अभ्यास लागेल म्हणून. ते पान मी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. तेवढ्यात आई वर आली.

आता आप्पा घरी आहेत, कुबड्या घेऊन ओट्यापर्यंत येतात. गंमत बघा, असताना ज्या अंगठ्याचं काही कळत नव्हतं, तो आता नसताना खाजतो म्हणतात. आईनं रानात लसूण लावायचा बंद केला, विकत आणते. आणि सांगणाऱ्याला शिव्या देते. कोण ते तिला ठाऊक नाही म्हणून जास्तच देते. "ज्या मेल्याच्या जिभेला हाड न्हाई त्याचं तळपट होईल, माझ्या धन्याचा पाय खाल्ला." रोज एकदा तरी. मी कोथिंबीर निवडत असते, निवडत राहते. आणि आप्पा ओट्यावरून आवाज देतात, "चहा टाक गं."

आई उठते. विषय मोडतो. कितीतरी गुरुवार असे गेले. आप्पांची ती जुनी युक्ती माझ्यासाठी चालली होती आणि मी ती चालू देत होते.

गेल्या गुरुवारी आई लसूण सोलत बसली होती. पाकळी सोलायची आणि शिवी द्यायची. "पोटची पोर शिकवली, साळंत घातली," ती मला म्हणाली, "तू तरी हुडकून काढ की कोण ते. पूर्वीसारखी भांडत का न्हाईस कुणाशी?"

आप्पांनी कुबडी सरळ केली. "चहा टाक गं."

आई उठायला लागली. मी तिचा हात धरला. तो लसणानं चिकट झाला होता.

"बस आई. मी सांगितलं होतं. ताजा घ्या आणि कुटल्यावर लगेच वापरा, असं फोनवर मी बोलले. कशाला, ते विचारलं नाही. मीच ती."

आईनं हात सोडवून घेतला नाही. नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"चहा टाका गं कुणीतरी," आप्पा म्हणाले.

कुणीच उठलं नाही.