मे महिन्यातलं स्टॅटिस्टिक्स, नेत्राच्या शेजारी बसून

वर्षभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसांना मे महिन्यात विद्यार्थी म्हणून बाकावर बसवलं की किस्से आपोआप पिकतात. वसईच्या एका कॉलेजात दर उन्हाळ्यात बायोस्टॅटिस्टिक्सचा छोटा कोर्स असतो. डॉक्टर, डेंटिस्ट, नर्सिंगच्या मॅडम आणि फिजिओथेरपी शिकवणारी मी, असे सगळे आपापल्या पेशंटचे आकडे घेऊन येतो आणि त्यांचं करायचं काय ते शिकतो.

आमच्या बॅचमधून सर एकाला पुढच्या वर्षी सोबत शिकवायला घेणार होते. मला ती जागा हवी होती. आमच्या कॉलेजात हा विषय कोणालाच नको म्हणून माझ्या गळ्यात पडलाय. त्यातून एकदा तरी मान मिळावा, एवढंच म्हणणं होतं.

आणि माझ्या शेजारी येऊन बसली नेत्रा.

*

तिच्याआधी डिमेलोंचं सांगते. हे डेंटिस्ट. ज्या पेशंटचं वय लिहायचं राहिलं तिथे नऊशे नव्व्याण्णव टाकायचं, म्हणजे हिशेब करताना ते वगळता येतं, असं त्यांना कोणीतरी शिकवलेलं. त्यांनी टाकलं आणि वगळायचं विसरले. पडद्यावर पेशंटचं सरासरी वय आलं एकशे त्र्याऐंशी.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "डिमेलो, या वयात तुम्ही त्यांच्या दातांचं करता तरी काय?"

डिमेलो शांतपणे म्हणाले, "कवळी बसवतो, सर. टिकते."

*

मग घरचा अभ्यास. पन्नास जणांचं बीपी मोजायचं आणि सकाळी चालायला जाणारे आणि न जाणारे यांच्यात फरक आहे का ते बघायचं.

मी एव्हरशाईन सिटीत राहते. मशीन घेऊन सोसायटीत दारोदार फिरले. एका काकांनी जाळीच्या दारातूनच विचारलं, "पॉलिसी विकताय का?" दुसऱ्यांनी हात पुढे केला आणि नंतर रिपोर्ट मागितला, तोही लेटरहेडवर.

नेत्रा पापडीची, बागायतदारांच्या घरातली. तिने एका संध्याकाळी वाडीत खुर्ची टाकली. काका, काकू, चुलत सासरे, नणंदा, सगळे रांगेत हजर. काम तासाभरात आटोपलं, वर चहा झाला.

पी व्हॅल्यू पॉइंट झिरो फाइव्हच्या खाली आली की आमच्यात पेढे वाटतात. फरक नुसता योगायोगाचा नसावा, असं तेव्हा म्हणता येतं. तिची आली पॉइंट झिरो थ्री. माझी पॉइंट झिरो सिक्स, उंबऱ्याबाहेर.

तेवढ्यात सर म्हणाले, "पण नेत्रा, ही सगळी एकाच घरातली माणसं. बीपी घराण्यातच असेल तर?"

खोटं कशाला बोलू, माझा जीव गार झाला.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्यावर अख्खं लेक्चर घेतलं. एकाच कुटुंबातला डेटा कसा हाताळायचा, उदाहरण नेत्राचं, स्लाइडवर नाव नेत्राचं. मी पन्नास दारांच्या बेल वाजवल्या, त्याबद्दल एक अक्षर नाही. माणसाने चूक करावी तर नेत्रासारखी.

*

ती रोज घरची सुकेळी आणायची. वाडीतली केळी उन्हात वाळवलेली, मधासारखी. सगळे डब्यावर तुटून पडायचे. मी म्हणायचे, "नको, आमच्या घरात डायबिटीस आहे."

एकदा तिने माझ्या घरच्यांसाठी बांधून दिली. नवऱ्याने सगळी संपवली आणि विचारलं, "तुझी मैत्रीण कोण गं ही?"

"मैत्रीण नाहीये."

"बरं. पण विचार ना, विकत देते का?"

*

शेवटच्या दिवशी निवड. पी व्हॅल्यू म्हणजे काय, हे वॉर्डमधल्या सिस्टरला कळेल असं प्रत्येकाने एक पान लिहायचं. पानांवर नाव नाही, फक्त नंबर. प्रत्येकाने प्रत्येक पानाला दहापैकी मार्क द्यायचे, स्वतःच्यासुद्धा. मार्कांच्या चिठ्ठीवरही नाव नाही.

चौथ्या पानात केळीच्या घडाचं उदाहरण होतं. आता केळी दुसरं कोण लिहिणार? पान सुंदर होतं. इतकं सोपं करून सांगायला मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. मी हाताचा आडोसा करून त्याला दोन मार्क दिले.

सरांनी मार्कांचा आलेख पडद्यावर लावला. चौथं पान पहिलं आलं होतं. त्याचे सगळे मार्क वर आठ-नऊ-दहापाशी दाटीने बसलेले आणि खाली, दोनवर, एकटाच एक ठिपका.

"निकालात याने फरक पडत नाही," सर म्हणाले. "पण पहिल्या दिवशी काय शिकलो? वेगळा पडलेला आकडा खोडायचा नाही. तो तिथे का आला ते विचारायचं. तर, हे दोन कोणाचे?"

माझे कान तापले. मी पेनाचं टोपण काढत-घालत बसले.

शेजारची खुर्ची सरकली. नेत्रा उभी राहिली.

"माझे, सर. स्वतःचंच पान होतं ना, जास्त कसे देणार?"

सर खूश. "बघा, याला म्हणतात विनय." हॉलभर टाळ्या. दोन मार्क माझे आणि टाळ्या तिला! मलाही वाजवाव्या लागल्या.

ती खाली बसली आणि माझ्याकडे न बघताच डबा माझ्यापुढे सरकवला.

"घे गं. आज तरी खा."