ताईच्या अंगठ्याचा रुपया

पोलिस ॲक्शननंतर काही वर्षांनी निजामाचा हाली सिक्का चलनातून गेला. औरंगाबादेत सगळ्यांनी आपापले रुपये बदलून घेतले, आमच्या बाबांनी मात्र चांदीचे तेवढे मागं ठेवले. कचेरीत उर्दूतून कारकुनी केलेला माणूस. निजामाचं राज्य गेल्याचं त्यांना दुःख नव्हतं, पण रुपयावरचा चारमिनार काही त्यांना सोडवेना. घरात साखर जपून वापरायची आणि रुपये डब्यात मखमलीवर झोपायचे. हौसेला मोल नसतं, असं आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची. त्यात कौतुक कमीच असायचं.

त्या रुपयांत एक आईचा होता. माझ्याआधी मला एक बहीण होती. तिच्या बारशाला बाबांनी डब्यातला एक कोरा रुपया तिच्या मुठीत दिला होता. नुकतंच तेल चोळलेलं अंग. रुपया तसाच परत डब्यात गेला, आणि पुढं चांदी काळवंडत गेली तशी त्याच्यावर तिच्या अंगठ्याची खूण उमटली. चवळीच्या दाण्याएवढी, रेषांसकट. ताई दुसरी दिवाळी बघायला राहिली नाही. तिचा फोटोही नव्हता. बाबा कचेरीत गेले की आई कधीमधी डबा उघडून मला तो रुपया दाखवायची.

"ही तुझी ताई," म्हणायची. "ह्यांना नको सांगू. डब्याला हात लावलेला खपत नाय त्यांना."

मी दहा-अकरा वर्षांची असताना पुण्याचे एक नाणी जमवणारे गृहस्थ डबा बघायला येणार असं ठरलं. बाबांना काळ्या पडलेल्या रुपयांची लाज वाटली. गुलमंडीतल्या एका सराफाकडून त्यांनी रुपये उजळायला बाटलीत तेजाब आणलं. बुडवायचं, लगेच काढायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं, असं त्यानं बजावलं होतं. बाबांनी काचेच्या बरणीत सगळे रुपये एकदम सोडले आणि चांगले स्वच्छ निघावेत म्हणून जेवण उरकेपर्यंत तसेच राहू दिले. नळाला पाणी नव्हतं, म्हणून धुतानाही हात आखडता घेतला.

रुपये निघाले ते पांढरेफटक. चमक अशी नाहीच, चुन्यात बुडवल्यासारखे. चारमिनाराच्या कडा बोथट झालेल्या. पाहुण्यांनी एक उचलला, उजेडाकडं तिरका धरला आणि खाली ठेवला.

"धुतलेत तुम्ही," ते म्हणाले. "तो काळा रंग राहू द्यायचा असतो. आता चांदीच्या भावानं जातील."

चहा घेऊन ते गेले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. बाबा सतरंजीवर तसेच बसून राहिले.

मग आई पुढं झाली. एकेक रुपया उचलून, उलटून बघू लागली. बाबांना वाटलं, ती आपली समजूत काढतेय.

"सगळे सारखेच झाले बघ," ते म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. "सारखेच झाले."

आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसली. रडली नाही. मीही नाही. मला रडू कसं येत नाही याचं थोडा वेळ नवल वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. बाबांना तिनं कधीच काही सांगितलं नाही. कळलं असतं तर त्यांनी तो डबा पुन्हा उघडला नसता.

दिवाळीच्या आधी एकदा माझ्या केसांना तेल लावता लावता आई मधेच उठली आणि डबा घेऊन आली. एक रुपया काढला, हाताला लागला तो. माझा अंगठा तेलाच्या वाटीत बुडवून त्यावर दाबला.

"काय करतेस गं?"

"गप बस."

तो रुपया तिनं डब्याच्या तळाशी ठेवला.

नीट न धुतलेली चांदी पुन्हा काळी पडते, पण भलतीच, चट्ट्याचट्ट्यांनी. पुढच्या दिवाळीपर्यंत त्या चट्ट्यांत माझा अंगठा उमटला होता. आई रुपया खिडकीशी घेऊन गेली. बराच वेळ बघत उभी राहिली.

"लई मोठा आलाय," ती म्हणाली आणि डबा बंद केला.

तो रुपया आता माझ्याकडं आहे. मी तो घासत नाही, पुसतही नाही. दुधाची तहान ताकावर भागवावी म्हणतात. आईची माझ्यावर भागली नाही.