माग बंद करायची खूण

आम्ही दोघं पहिल्यांदाच जंगल बघायला गेलो होतो. हे सुरतेत लूमच्या कारखान्यात आहेत. सुट्टीला नुसते झोपणारे, पण त्या दिवशी पायवाटेवर माझ्या पार पुढे निघून गेले होते.

एकाएकी झाडावरची वानरं खोकल्यासारखी ओरडायला लागली. सोबतच्या गार्डने माझा दंड घट्ट धरला. "दीपडो," तो कुजबुजला. पुढच्या वळणावर, वाटेच्या कडेलाच, बिबट्या बसला होता आणि हे सरळ त्याच्याकडेच चालले होते.

"अहो, थांबा!" मी ओरडले. माझा आवाज काही बारीक नाही, नवागामच्या आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात. तरी हे चालतच राहिले. मी पुन्हा ओरडले.

मी कुठे राहिले म्हणून त्यांनी सहज मागे पाहिलं. मी हाताचा पंजा वर धरला. डबा द्यायला जायचे तेव्हा कारखान्याच्या खडखडाटात ही खूण पाहिली होती: माग बंद कर. हे जागच्या जागी थांबले.

बिबट्या उठला आणि सावकाश झाडीत शिरला.

"काका को सुनाई नहीं देता क्या?" गार्डने विचारलं.

"चांगलं येतं ऐकू!" मी त्याच्यावर खेकसले.

हे जवळ आले. मी पदराने तोंड झाकलं आणि त्यांना हाक मारली. ते माझ्याकडे बघत, मी कधी बोलते याची वाट पाहत उभे राहिले.