पंधरा दिवस थांबलेली गाडी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटी आणि एक गंजलेली सायकल यांच्या शेजारी, एक लांबलचक अमेरिकन गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. दोन दारं, कापडी टप, आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन आणि स्टिअरिंग डावीकडे. वयाने ती माझ्याहून फार लहान नसेल. चेअरमन अधूनमधून विचारतात, "आपण हिचं नक्की काय करणार आहात?" मी म्हणतो, बघू. मला ती चालवता येत नाही. मी ती माझ्यासाठी घेतलीच नव्हती.

घेतली ती दादासाठी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शनिवार पेठेतल्या एका बोळात त्याचं गाड्यांच्या सीटा आणि टप शिवायचं दुकान होतं. तो विशीत असताना हीच गाडी येरवड्याच्या एका बंगल्यातून नवा टप शिवायला त्याच्याकडे आली होती. चार दिवस ती दुकानासमोर होती. किल्ली मात्र बंगल्याचा ड्रायव्हर रोज संध्याकाळी खिशात घालून न्यायचा. त्या चार दिवसांबद्दल दादा जन्मभर बोलत राहिला. वहिनी म्हणायच्या, आमच्या लग्नाचंसुद्धा यांना इतकं आठवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याला स्नायूंचा आजार निघाला. सुरुवात उजव्या हातापासून. डॉक्टरांनी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा दाबून दाखवली. तिथला मांसाचा उंचवटा पार बसला होता. "दिवाळीपर्यंत हात बऱ्यापैकी साथ देईल," ते म्हणाले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. परत येताना रिक्षात दादा म्हणाला, "ती गाडी अजून आहे का बघ रे. एकदा चालवायची आहे. एकदाच."

गाडी होती. शोधाशोध करून गणपतीच्या दिवसांत आम्ही दोघं त्या बंगल्यावर गेलो. मूळ मालकांचे चिरंजीव आता स्वतःच सत्तरीचे. गाडी विकायची होती, पण उत्साह नव्हता. दादाने टपाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही शिवण माझी आहे." मालक म्हणाले, "असेल. मी पावती ठेवलेली नाही."

दादा स्टिअरिंगमागे बसला. डाव्या हाताची गाडी, म्हणजे गिअर उजव्या हाताने टाकायचा. दांडा कडक होता. दादाने दात आवळून पहिला टाकला, दुसरा टाकला. घामाघूम झाला, पण टाकला. "एक चक्कर मारू का?" त्याने विचारलं. "चक्कर मारायची असेल तर आधी घ्या," मालक म्हणाले.

पैसे माझ्याकडे तयार होते. बँकेतून निवृत्त झालो तेव्हाचे. व्यवहार ठरला तो अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. मालक म्हणाले, "उद्या घेऊन जा." मी म्हणालो, "उद्यापासून पितृपंधरवडा. घटस्थापनेला नेऊ." ते हसले. "मी नाही मानत असलं काही."

"मानत तर मीही नाही," मी म्हणालो, "पण उगाच कशाला?"

आमच्या घरात शेंडी-जानवं दोन पिढ्यांपूर्वी गेलं. पण हे 'उगाच कशाला' गेलं नाही. खरं तर मला पितरांची भीती नव्हती. भीती लोकांची होती. उद्या दादाचं काही बरंवाईट झालं, तर नातेवाईक म्हणतील, पितृपंधरवड्यात गाडी दारात आणली, दुसरं काय होणार. ते बोलणं माझ्यावर येऊ नये म्हणून मी पंधरा दिवस मागून घेतले. ते दिवस माझे नव्हते, दादाचे होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दादा बंगल्याच्या फाटकात एवढंच म्हणाला, "मी पितर व्हायच्या आत आण म्हणजे झालं." मी हसलो. तो हसला नाही.

त्याच आठवड्यात त्याला ताप आला. ताप सहा दिवसांत उतरला, पण अंगातून जे गेलं ते परत आलं नाही. वडिलांच्या तिथीला तर्पण करायला तो हट्टाने पाटावर बसला. पितरांचं पाणी सोडायचं ते अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधून. गुरुजी म्हणाले, "अंगठ्याकडून सोडा." दादाची ओंजळ तिरकी होईना. पाणी मनगटावरून, कोपरावरून, धोतरावर गेलं. "तिकडून नाही," गुरुजी पुन्हा म्हणाले. दादा म्हणाला, "गुरुजी, तिकडे आता काही शिल्लक नाही." मी पुढे होऊन त्याचा हात धरला आणि वाकडा केला. तेवढ्यात मला कळलं की मी काय करून बसलोय.

मी दुसऱ्याच दिवशी गाडी आणू शकत होतो. आणली नाही. पाच-सहा दिवसांसाठी आता काय, असं स्वतःला सांगितलं.

घटस्थापनेला बंगल्यावरच सगळं साग्रसंगीत झालं. झेंडूचा हार, नारळ, चाकांखाली लिंबं. वहिनींनी गाडीला कुंकू लावलं. दादाला आम्ही धरून स्टिअरिंगमागे बसवलं. त्याने क्लच दाबला, दांड्यावर हात ठेवला आणि ओढला. हात सरकला, दांडा जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा त्याने दोन्ही हात लावले. मग मी पलीकडून दांड्याला हात घातला आणि दोघांनी मिळून तो ढकलला. गाडीने एक हिसका दिला आणि फाटकाच्या आतच बंद पडली. असं तीनदा झालं. लिंबं तशीच राहिली.

"पुरे," दादा म्हणाला. मालकांनी त्यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर बोलावून दिला. दादा मागच्या सीटवर बसला. मला वाटलं, निदान उघड्या गाडीतून येरवड्याचा पूल तरी ओलांडेल. तर म्हणाला, "टप लाव."

"अरे, ऊन नाहीये."

"लोक बघतात. लाव."

टप लावला. त्याच्याच हातची टिचबटणं, पण ती त्याला लावता येईनात, म्हणून मी लावली. पुलावर तो खिडकीतून बाहेर न बघता वरच्या कापडाकडे बघत होता. मला रडू आलं, आणि मी रडलो.

संक्रांतीच्या आधी तो गेला. दहाव्याला घाटावर पिंड मांडला. कावळा शिवला नाही तर काय कबूल करायचं, हे मी रात्रभर जुळवत होतो. काही जुळलं नव्हतं. पण कावळा मी हात जोडायच्या आत आला, शिवला आणि उडून गेला. "भाग्यवान," गुरुजी म्हणाले. "काही इच्छा मागे राहिली नव्हती." सगळे नातेवाईक समाधानाने मान हलवत होते. मीही हलवली.

घरी वहिनी दादाच्या कात्र्या जुन्या कापडात गुंडाळत होत्या. "शिवला का?" त्यांनी विचारलं.

"लगेच," मी म्हणालो. "गुरुजी म्हणाले, काहीच राहिलं नव्हतं त्याचं."

वहिनींनी गाठ मारली. "कावळ्याला काय माहीत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे."