सातवं पान

सर्वपित्री अमावास्येला विमलताई हॅरिसन आपल्या सासरच्या सात इंग्रजांना जेवायला वाढायच्या.

लंडनमधल्या हॅरोतल्या त्यांच्या किचनमध्ये टेबलावर ओळीनं सात केळीची पानं मांडलेली असत. ती त्या हाउन्सलोहून बस बदलत आणायच्या. वडे, खीर, आमसुलाची चटणी आणि प्रत्येक पानाशेजारी दूध घातलेला चहा आणि फ्रूटकेकचा तुकडा. "नुसत्या खिरीवर बोल्टनची माणसं कशी तृप्त होतील हो?" भटजी नाही, मंत्र नाहीत. वही उघडून एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं आणि घास बागेत ठेवायचा. कावळ्यांच्या आधी काळेपांढरे मॅगपाय पक्षी यायचे. "येऊ देत. इथले कावळे तेच," असं म्हणून त्या मला वाढायला घ्यायच्या. मी दोन गल्ल्या पलीकडे राहणारा विधुर, त्यामुळे जेवणारा जिवंत माणूस म्हणून माझी दरवर्षीची नेमणूक होती.

त्या मूळच्या सांगलीच्या. इथल्या कॉलेजात शिवण शिकवायच्या आणि तिथंच बोल्टनचा फ्रँक हॅरिसन भेटला. मूलबाळ झालं नाही. फ्रँक गेला, तेव्हा त्याच्या घराण्याची कागदपत्रं त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यात उरली. दुसऱ्या कुणी तो डबा माळ्यावर टाकला असता. विमलताईंनी तो उघडला, आणि त्यांना 'पण का हो?' हा प्रश्न पडला.

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. बसच्या ड्रायव्हरला, कौन्सिलच्या माणसाला, मला. "डॉक्टर, पाय कापला तरी दुखतो म्हणे. पण का हो?" उत्तर दिलं की त्यातून पुढचं 'पण का' निघायचं.

सातवं पान थॉमसचं. थॉमस आणि विल्यम हे भाऊ विधवा आईला घेऊन अमेरिकेत गेले आणि एका गिरणीत लागले. विल्यम हा फ्रँकचा पणजोबा. तिकडे यादवी पेटली आणि सरकारनं सक्तीची सैन्यभरती सुरू केली. चिठ्ठ्या निघाल्या, विल्यमला जावं लागलं आणि तो परत आला नाही. त्याची बायको तान्हं मूल घेऊन बोल्टनला परतली. तिनं बहिणीला लिहिलेलं पत्र डब्यात होतं. थॉमसनं स्वतःच्या बोटावर कुऱ्हाड घातली आणि घरी राहिला, माझ्या माणसाला नेलं, असं त्यात होतं. तेव्हापासून हॅरिसनांच्या घरात थॉमसचं नाव कुणी घेत नसे. फ्रँकही घेत नसे.

"मी वाढते त्याला," विमलताई म्हणायच्या. "पण वाढताना हात अडखळतो. फ्रँकला आवडलं नसतं. आणि त्यानं केलंच नसेल, तर? चौकशी केल्याशिवाय पानावरून कुणाला उठवायचं, म्हणजे काय हो?"

म्हणून त्या डब्यातला थॉमसचा फोटो रुमालात गुंडाळून माझ्याकडे आल्या. फोटो पत्र्यावर काढलेला, तळहाताएवढा. मी चाळीस वर्षं हातांची ऑपरेशनं केलेली. टीव्हीवर टेस्ट मॅच चालू होती. मी फोटो खिडकीशी नेला आणि अर्ध्या मिनिटात परत दिला.

"उजव्या हाताची तर्जनी. बंदुकीचा चाप ओढायचं बोट. आणि कसं साफ कापलंय बघा. मशीननं बोट चिरडतं. हे असं होत नाही."

"नक्की ना डॉक्टर?"

"विमलताई, अहो, मी आयुष्यभर दुसरं काय केलं?"

खरं सांगायचं तर त्या फोटोत बोट नाही, एवढंच दिसत होतं. साफ की चिरडलेलं, हे कुणालाही सांगता आलं नसतं.

त्या वर्षी टेबलावर सहा पानं होती.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा विषय काढला. "त्याच्या कोटाची बटणं बायकांच्या बाजूला आहेत हो. मी जन्मभर बटणं लावली, माझी चूक व्हायची नाही. पुन्हा एकदा बघता?"

"गरीब माणूस. बहिणीचा कोट घातला असेल फोटोसाठी!" मी म्हणालो. त्या हसल्या. मी फोटो हातातसुद्धा घेतला नाही.

मग एका फेब्रुवारीत मी वॉटफर्डला जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो होतो. एका टेबलावर तसेच पत्र्यावरचे फोटो मांडले होते. एकात दुकानासमोर तीन माणसं उभी होती आणि दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी होती. विकणाऱ्या बाईला विचारलं.

"सगळे असेच असतात, लव्ह," ती म्हणाली. "आरशासारखे. डावं ते उजवं."

मला विमलताईंनी सांगितलेली कोटाची बटणं आठवली.

म्हणजे थॉमसचं तुटलेलं बोट डाव्या हाताचं होतं. भरती टाळायला डाव्या हाताचं बोट कोण कापून घेईल? गिरणीत गेलं असणार. मग तो घरी राहिला कसा? शरमेपोटी मी लायब्ररीत जाऊन वाचत बसलो. त्या भरतीच्या कायद्यात एक कलम सापडलं. थकलेल्या आईबापांचे दोन मुलगे यादीत असतील, तर एकाला घरी ठेवता येई. कोणाला ते बापानं सांगायचं, आणि बाप नसेल तर आईनं.

आईनं थॉमसचं नाव सांगितलं असेल का? पुरावा माझ्याकडे नाही. सांगितलं असेल, तर बायको-मूल असलेल्याला जाऊ देऊन तिनं नऊ बोटांच्या मुलाला ठेवलं. पण का हो? तो लढाईत टिकणार नाही म्हणून? की आणखी काही? सुनेला तिनं ते कधी सांगितलं का? विमलताईंना हे कळलं असतं, तर त्या महिनाभर जेवल्या नसत्या, नुसत्या विचारत राहिल्या असत्या.

मी त्यांना सांगितलं नाही. दर रविवारी फोन व्हायचा. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणायचो. 'मी नीट बघितलं नव्हतं' हे एवढंच वाक्य होतं, पण सर्जनच्या तोंडून ते निघेना.

आठ महिन्यांनी सर्वपित्री आली. टेबलावर सहा पानं. विमलताईंनी विल्यमचं नाव घेतलं, त्याच्या बायकोचं घेतलं आणि थॉमसच्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्याकडे बघितलं.

"आईला दोघेही सारखेच असतील, नाही हो?"

मी म्हणालो, "खीर छान झालीय."

त्या जानेवारीत गेल्या. न्यूमोनियानं, चार दिवसांत. त्यांच्या वकिलानं तो बिस्किटांचा डबा माझ्याकडे पोचवला. आत चिठ्ठी होती. 'डॉक्टरांना द्यावा. त्यांना यात रस आहे.'

डब्यात ती वहीही होती. सात नावं, सगळी शाईनं लिहिलेली. थॉमसच्या नावावर मात्र एक रेघ, पेन्सिलची, अगदी फिकट. शिवणाऱ्या बाईनं कापडावर खडूची खूण करावी, पुढे पुसता येईल अशी. आणि शेजारी दोन शब्द.

'डॉक्टर म्हणतात.'

यंदा सर्वपित्रीला मी हाउन्सलोहून आठ पानं आणली. आठवं विमलताईंचं. मला वडे जमत नाहीत, ते विकत आणले. चहा मात्र मी केला. आधी थॉमसचं नाव घेतलं आणि त्या असताना माझ्या तोंडून न निघालेलं वाक्य माझ्या किचनमध्ये मोठ्यानं म्हटलं.

मग खोडरबर घेऊन नावावरची रेघ पुसली. शेजारचे दोन शब्द तसेच ठेवले.