गॅरेजचं छत

अमेरिकेत बेलव्ह्यूला घर घेतलं त्याच हिवाळ्यात एका सकाळी मी शिडी लावली आणि गॅरेजच्या छताला भोक पाडलं. भाजीची सुरी आणि हातोडी, एवढंच हाताशी होतं. भोक वीतभर झाल्यावर मी हात आत घातला. आत काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंना लाकडी तुळया, वर फळ्या आणि मधे नुसती गार हवा. त्या फळ्यांच्या वर माझ्या सहा वर्षांच्या मुलीची खोली होती.

गेले दोन महिने ती दोन-दोन मोजे घालून झोपत होती. "आई, फ्लोअर इज फ्रीझिंग," म्हणत पहाटे आमच्या पांघरुणात शिरायची. नवरा म्हणायचा, जाड गालिचा आणू. गालिचा आणला. काही फरक पडला नाही.

मी नागपूरला सरकारी बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनिअर होते. सात वर्षं पाण्याच्या टाक्या, शाळांच्या खोल्या, नाल्यांवरचे लहान पूल केले. इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर आले. शिकायला परवानगी होती, नोकरी करायला नव्हती. साडेसातला नवरा ऑफिसला जायचा, आठला मुलगी शाळेच्या बसमध्ये चढायची. तिथून दुपारी साडेतीनपर्यंत मी घरात फिरायची. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून वर, परत खाली. मसाल्याचे डबे मी त्या महिन्यात चारदा नव्याने लावले होते. बसले की पाय हलायला लागायचा. पुस्तक उघडलं की पानभर वाचून झाल्यावर कळायचं, काही डोक्यात शिरलेलंच नाही. बाहेर पाऊस. जोराचा कधी नाहीच, दिवसभर नुसता झिरपत राहणारा.

त्या दिवशी नवरा घरी आला, गाडी आत घेतली आणि वर बघत गाडीतच बसून राहिला.

"हे काय केलंस?"

"इन्सुलेशनच नाहीये. घर बांधणाऱ्याने घातलंच नाही."

"मग माणूस बोलावू ना. कॉल करतो उद्या."

"मी करते."

"अगं, तू कशाला?"

"मला येतं," मी म्हणाले. हे पूर्ण खरं नव्हतं. मला करवून घेता येत होतं. सात वर्षांत मी कधी थापी हातात धरली नव्हती. नकाशा आणि टेप घेऊन उभी राहायची, आणि गिलावा वाकडा दिसला तर पाडायला लावायची.

लायब्ररीतून मी चार पुस्तकं आणली. ती मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत डोक्यात शिरली. शनिवारी नवऱ्याला घेऊन हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात गेले आणि ग्लासवूलचे रोल आणले. पिवळ्या लोकरीसारखे, एका अंगाला खाकी कागद चिकटवलेला. आठवडाभरात छताचे जुने बोर्ड मी एकटीने उतरवले. सुटे झाले की ते अंगावरच यायचे. मग तुळयांच्या मधल्या खणांत ग्लासवूल भरायला लागले. कागदाच्या कडा तुळयांवर स्टेपल गनने ठोकायच्या. नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला ओढणी, तोंडाला मास्क. तरी काचेचे कण मानेत शिरायचे आणि रात्रभर खाज सुटायची. हाताला काम होतं, म्हणून खाजेचंही काही वाटत नव्हतं.

आईला दर रविवारी फोन करायचे. तिला सांगितलं.

"मंग कोण करून राहिलं ते काम?" तिने विचारलं.

"मीच."

"हातानं?"

"हो."

माझे वडील गवंडी होते आणि आई त्यांच्याच हाताखाली विटा वाहायची. मी कॉलेजात जाईपर्यंत तिच्या डोक्यावरची चुंबळ उतरली नव्हती. आमच्या घरात मला साधं घमेलं उचलू दिलं नाही कुणी. पुस्तक घेऊन बस, एवढंच सांगायचे.

"तुझ्या नवऱ्याला ठाऊक आहे?" आई म्हणाली.

"आहे."

"शिडीवर नीट पाय ठेव मंग," ती म्हणाली आणि फोन वडिलांकडे दिला. वडिलांनी फक्त तुळया कशाच्या आहेत ते विचारलं. बहुतेक काम कोण करतंय ते तिने त्यांना सांगितलंच नव्हतं, किंवा सगळं सांगितलं होतं.

निम्मं छत झालं तेव्हा शेजारचे गृहस्थ आले. सत्तरीचे, आयुष्यभर घरांचं वायरिंग करून रिटायर झालेले. धूळ बाहेर जावी म्हणून मी गॅरेजचं दार उघडं ठेवायची, आणि ते कुत्र्याला फिरवताना रोज थांबून बघायचे. त्या दिवशी आत आले.

"काम सफाईचं आहे," ते म्हणाले. "पण कागद उलट्या बाजूला आहे."

"कडा ठोकायला कागद खाली नको का?"

"कागद उबेच्या बाजूला हवा. ऊब कुठे आहे?"

मी वर बघितलं. ऊब मुलीच्या खोलीत होती. खोलीतली दमट हवा फळ्यांमधून खाली येणार, लोकरीत शिरणार आणि गार कागदापाशी पाणी होऊन अडकणार. वर्षा-दोन वर्षांत तुळया कुजायला लागणार. पुस्तकात हे वाक्य होतं. मी ते वाचलं होतं, भिंतीच्या संदर्भात. छतापाशी आल्यावर मात्र जिथे ठोकायला सोपं तिथे ठोकून मोकळी झाले होते.

ते गेल्यावर मी शिडीवर बसले. वाटलं, राहू दे. कोण बघणार आहे? वरून बोर्ड लागले की झालं. एक ठेकेदार आठवला, ज्याला मी एका शाळेच्या व्हरांड्याची अख्खी भिंत पाडायला लावली होती. तोही हेच म्हणाला होता, मॅडम, रंग लागला की दिसणार नाही. त्याच्यावर मी किती चढ्या आवाजात बोलले होते तेही आठवलं. मुलीच्या बसची वेळ होईपर्यंत मी तशीच बसून होते. दुसऱ्या दिवशी पक्कडीने एकेक पिन उपटायला घेतली. सगळं उतरवून, कागद वर करून पुन्हा भरायला सहा दिवस लागले. आता कडा ठोकता येत नव्हत्या, म्हणून खालून तारेच्या काड्या आडव्या अडकवत गेले.

नवरा मात्र वैतागला होता. रविवारी पौर्णिमा होती आणि बुद्धवंदनेला चार घरं आमच्याकडे जमणार होती.

"घरभर काचेची धूळ. पोळीतपण खाज आहे यार," तो म्हणाला. "लोक विचारतात, वहिनी काय करतात दिवसभर. मी काय सांगू?"

"तू काय सांगतोस?"

त्याने हातातली पोळी झटकली. मग म्हणाला, "सांगतो की बिझी आहे."

तरी बोर्ड लावायला तोच आला. वर राहती खोली आणि खाली गाडी, म्हणून आगीपुढे तग धरणारे जाड बोर्ड लावायचे होते, आणि ते एकट्याने पेलण्यासारखे नव्हते. त्याने बोर्ड डोक्यावर आणि दोन्ही हातांवर तोलून धरला आणि मी स्क्रू मारत गेले.

"लवकर," तो म्हणाला. "मान गेली माझी."

"अजून नऊ."

"नऊ स्क्रू की नऊ बोर्ड?"

"आधी स्क्रू."

तो हसला तसा बोर्ड हलला आणि मी त्याच्यावर ओरडले. साइटवर ओरडायची तसंच. आपला तो आवाज मी दीड वर्षांत ऐकला नव्हता.

मग गॅरेजसाठी हीटर, म्हणजे वरची जमीन खालून गार पडणार नाही. मी दुकानात रॉकेलचा स्वस्त हीटर बघून ठेवला होता. शेजारचे गृहस्थ म्हणाले, गाडीतल्या पेट्रोलची वाफ जमिनीलगत बसते, तिथे उघडी ज्योत ठेवायची नाही. भिंतीवर उंच, विजेचाच लावायचा. त्यांचं लायसन्स संपलेलं होतं, म्हणून ते तारेला हात लावत नसत. खुर्ची टाकून बसायचे आणि मला सांगायचे. मेन स्विच बंद केलास? पुन्हा बघ. विजेच्या कामाच्या परवान्यासाठी लागणारा नकाशा मी काढला. साध्या कागदावर, मुलीच्या पट्टीने, पण मापासकट. तो काढताना माझा पाय हलत नव्हता हे नंतर लक्षात आलं.

काम तपासायला परवाना देणाऱ्या ऑफिसचा माणूस आला. त्याने जोडण्या बघितल्या, भिंतीतली वायरची भोकं नीट बुजवलीत का ते टॉर्चने पाहिलं. मग छताकडे बघून विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी."

"तुम्ही काय काम करता?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, कार्डावर सही केली आणि गेला. मी बराच वेळ ते कार्ड हातात घेऊन उभी होते. सिव्हिल इंजिनिअर आहे, असं म्हणता आलं असतं. त्यात खोटं काही नव्हतं. शब्द तोंडातून निघाले नव्हते.

खोली उबदार झाली. मुलगी अनवाणी फिरायला लागली आणि पहाटे आमच्याकडे यायची थांबली. मी गॅरेजच्या एका कोपऱ्यात टेबल मांडलं, हीटर लावला आणि कोट काढून बसले. दहा मिनिटं छान वाटलं. मग उठले. स्क्रूंचे डबे मापाप्रमाणे लावले. छताचे सांधे मोजले. काम संपलं होतं, आणि संपल्यावर पहिल्यापेक्षा वाईट अवस्था झाली होती. पहिल्यांदा निदान काय हवं आहे ते माहीत नव्हतं.

ते मी नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. जेवता जेवता, मुलीसमोर. म्हटलं, मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात कंप्युटरवरच्या ड्राफ्टिंगचा कोर्स करणार आहे. नोकरी करता येणार नाही, पण शिकता येतं. ग्रीन कार्ड येईल तेव्हा येईल.

"चार-पाच वर्षं लागतील," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मंगळवार-गुरुवार हिला बसवरून कोण घेणार?"

"तू लवकर ये."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, यू कॅन डू इट."

ग्रीन कार्ड यायला पाच वर्षं लागली. तोवर मी तीन कोर्स केले आणि नंतर एका लहान ऑफिसात घरांचे नकाशे काढायला लागले. पण पाय हलायचा थांबला, असं म्हणता येणार नाही. आजही एखादं काम हातावेगळं झालं की मी घरात फिरायला लागते.

कोर्सच्या पहिल्या दिवशी मी दोन बस बदलून कॉलेजात गेले आणि पाऊण तास आधीच पोचले. इमारत बंद होती. आडोशाला उभं राहण्याऐवजी मी पावसात तिच्याभोवती चालत राहिले. कोपऱ्यावरच्या पन्हळीचा जोड सुटलेला होता आणि पाणी सरळ पायाच्या भिंतीवर पडत होतं. तिसऱ्या फेरीला दार उघडलं, आणि किल्ल्या घेतलेल्या माणसाने विचारलं, कुठल्या वर्गाला आलात. मी खोलीचा नंबर सांगितला, आणि पन्हळीचंही सांगितलं.