जबाबदारी घ्यायला कुणी आहे का

ज्या माणसामुळे मी या नोकरीत आलो, तो इंग्लंडात जन्मला, इंग्लंडातच मेला आणि सोलापूर नावाचं गाव त्यानं बहुधा ऐकलंही नसेल. राणीच्या काळातला दंडाधिकारी. कॉलेजात समाजकार्याच्या पुस्तकात त्याच्यावर जेमतेम अर्धं पान होतं. मला ते पुरलं नाही. लायब्ररीतून त्याचं इंग्रजी चरित्र आणलं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा हमाल. ते चरित्र मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं, हे मी आजही कुणी न विचारता सांगतो.

त्याची पद्धत साधी होती. पहिल्यांदाच चुकलेलं पोरगं समोर आलं की शिक्षा सुनावण्याआधी तो भरल्या कोर्टाला विचारायचा, याची जबाबदारी घ्यायला कुणी आहे का? कुणीतरी उठायचं. मालक, शेजारी, एखादा नातेवाईक. मग तो पोराला तुरुंगाऐवजी त्या माणसाच्या हाती द्यायचा आणि नंतर अधूनमधून कुणाला तरी पाठवून विचारायचा, कसं चाललंय. लोकांनी त्याला भोळा ठरवलं. त्यानं पद्धत सोडली नाही.

ते ‘कुणीतरी उठायचं’ वाचून मी परिवीक्षा अधिकारी झालो. तुरुंगाऐवजी अटीवर सोडलेल्यांवर देखरेख ठेवायची, हे आमचं काम; लोक आम्हाला प्रोबेशनवाले म्हणतात. इतकी वर्षं घालवल्यावर सांगतो, आमच्याकडे कुणी उठत नाही. नातेवाईक बाकावर खाली मान घालून बसतात आणि त्यांच्या पोराचा पुकारा झाला की चहाला जातात. उन्हानं, एसटीनं मी दमत नाही. या बसून राहण्यानं दमतो.

दोन वर्षांपूर्वी असाच एक जण होता. विशी नुकती ओलांडलेला, सांगोल्याच्या पुढच्या गावचा, इथं सोलापुरात नवी पेठेत कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायला. त्यातला साड्यांचा एक गठ्ठा त्यानं परस्पर विकला. माल परत मिळाला, त्यानं गुन्हा कबूल केला. वडील नव्हते. आई डाळिंबाच्या बागेत रोजानं जायची आणि तिचं तो ऐकत नव्हता, हे तिनंच सांगितलं. न्यायाधीश मॅडम मला म्हणाल्या, “याच्यावर नजर ठेवील असं गावात कुणी असेल तर सोडते. नसेल तर आत जाईल. बघून या.”

गेलो. एसटीतून उतरलो तिथंच पोराचा चुलता भेटला. सगळे त्याला तात्या म्हणत. मी म्हटलं, कोर्टाच्या ऑफिसातून आलोय, तुमच्या पुतण्याची चौकशी करायची आहे. त्यानं लगेच घरी नेलं, खुर्ची पुसून दिली. शेजारचे दोघे-तिघे आपणहून आले. मी नेहमीचे प्रश्न विचारले. व्यसन? “सुपारीसुदिक खात न्हाय.” कामाला कसा? “मोडून काम करतंय.” वागायला? “खाली मान घालून जातंय, खाली मान घालून येतंय.” घरचे कसे? “देवमाणसं.” मी लिहीत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, एकदाचं गाव भेटलं.

तेवढ्यात काकू, म्हणजे तात्याची बायको, पोहे घेऊन आली. बशी हातात देत म्हणाली, “मुलगी किती शिकलीया म्हणायची?”

माझा चमचा तसाच राहिला. म्हटलं, “कसली मुलगी? मी तुमच्या पोराच्या चोरीच्या केसमध्ये आलोय.”

शेजारी उठून गेले. तात्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “पाव्हणं, आदी सांगायचं की.”

“सांगितलं की. कोर्टाच्या ऑफिसातून आलोय म्हणून.”

“आमाला वाटलं मुलीचा बाप कोर्टात नोकरीला हाय.”

“मग आता खरं काय ते सांगा.”

“खरं?” तात्या म्हणाला. “आळशी हाय. उलट बोलतंय. आईचं पैसं नेतंय.”

“आणि मघाशी?”

“सोयरिकीला आलेल्या मानसापाशी वंगाळ सांगत न्हाईत, सायेब. जमत आलेलं मोडलं तर त्याचं पाप आपल्याला.”

मी वहीचं पान फाडलं. दुपार वाया गेली होती. तरी विचारायचं म्हणून विचारलं, वर्षभर त्याची जबाबदारी घ्याल का? तात्यानं हात जोडले. “लग्नात मधी पडायचं आसंल तर मी कवाबी पुडं. ह्यात नगं.”

काकू दाराशी उभी होती. “पोरगी द्यायला देवमाणूस, आन् कोर्टाला आळशी व्हय?”

“तू गप.”

“गपच बसले हुते. माझ्या भावाची पोरगी दिलीसा की आशीच. खाली मान घालून जातंय, खाली मान घालून येतंय. आता ती बसलीया म्हायेरी, खाली मान घालून.”

  मी कोर्टाची तारीख एका कागदावर लिहून खुर्चीवर ठेवली आणि निघालो. परत येताना अहवालाचं शेवटचं वाक्य डोक्यात तयार होतं : जबाबदारी घेण्यास कोणी तयार नाही. ते मला पाठच होतं.

तारखेला पोरगं मॅडमसमोर उभं राहिलं. मी अहवाल देणार तोच मागच्या बाकावरनं कुणीतरी खाकरलं. तात्या उठून उभा होता. शेजारी काकू बसली होती, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून. ओढत होती की ढकलत होती, मला दिसलं नाही.

“आपण कोण?” मॅडमनी विचारलं.

“चुलता हाय.”

“मुलगा कसा आहे?”

तात्यानं माझ्याकडं बघितलं. “चांगला हाय म्हणून सांगनार न्हाय. पर बगीन मी त्याच्याकडं. वर्साचं काय, न्हाय सुदारला तर म्होरं बी.”

मॅडमनी त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं आणि पोराला सोडलं. बाहेर आल्यावर पोरगं म्हणालं, “तात्या, मी काय गावात तुमची मेंढरं राखनार न्हाय.” तात्या म्हणाला, “मग काय, सायेबांच्या घरी ऱ्हातूस? चल.”

पुढच्या महिन्यात मी गेलो. खरं तर जाऊ नये असंच वाटत होतं; ऊन होतं, पाठ धरली होती, आणि टेबलावर नव्या केसेस होत्या. तात्यानं खुर्ची पुसली नाही. मी बसायच्या आतच सुरू झाला. पोरगं उशिरा उठतंय. एक मेंढी हरवून आलं, मग रातभर हुडकत बसलो आमी दोगं. काल आईवर वरडलं, मी दोन ठेवून दिल्या, मग जेवलं न्हाय, मग मी बी जेवलो न्हाय.

मारू नका, हे मी सांगितलं. ते त्यानं ऐकल्यासारखं केलं. बाकी सगळं मी लिहून घेतलं. एका माणसाबद्दल एवढी तक्रार मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

“आणखी काही?” मी विचारलं.

“लई हाय,” तात्या म्हणाला. “बसा की.”